गोंड्यावरचा विंचू

शाहदादच्या घरचे रय्याला पाहायला आले, त्या दिवशी ठरल्याप्रमाणे रय्या आणि शाहदाद एकमेकांना ओळखत नव्हते. शाहदादच्या मावशीने कुणाच्या तरी लग्नात रय्याला पाहिलं, मुलगी तिच्या मनात भरली आणि मग रीतसर निरोप आला, अशी एकंदर गोष्ट होती. ती रय्याने रचली होती. मावशीला त्यातला आपला भाग इतका आवडला, की आता ती त्या लग्नातल्या रय्याच्या कपड्यांचा रंगसुद्धा सांगायला लागली होती.

खरं म्हणजे दोघं मस्कतच्या एका वीज कंपनीत तक्रारींच्या खिडक्यांवर शेजारी शेजारी बसत. तिथे गुपित बोलायची म्हणून सोय नव्हती. अरबी सगळ्यांना कळे, इंग्रजी साहेबांना कळे. हिंदी तर गिऱ्हाइकापासून शिपायापर्यंत सगळ्यांचीच. मल्याळम हिशेबवाल्यांची, बंगाली सफाईवाल्यांची, आणि फिलिपिनो मुलींची भाषा ऐकून ऐकून सगळ्यांनाच अर्धीमुर्धी यायला लागली होती. उरली रय्याच्या घरची स्वाहिली आणि शाहदादच्या घरची बलुची. त्या मजल्यावर या दोन्हींना वाली नव्हता. मग तिने त्याला आपली दिली आणि त्याने तिला आपली. तिने सुरुवात जेवणापासून केली, त्याने शिव्यांपासून. वर्षभरात दोघं एकमेकांच्या भाषेत कडाकडा भांडायला लागले, आणि भांडता येतंय म्हटल्यावर लग्न करायला काही हरकत उरली नाही.

हरकत होती ती रय्याच्या वडिलांची. मुलाने मुलीला चोरून फोन केला, एवढ्यावरून नासोर यांनी मागच्या वर्षी सख्ख्या पुतणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि मोडून झाल्यावर पोटभर जेवले होते. आपल्या मुलीने परक्या मुलाशी दोन वर्षं गप्पा छाटल्या, हे त्यांना कळलं असतं तर शाहदाद त्या उंबऱ्यावर पुन्हा दिसला नसता.

म्हणून रय्या कॉफीची किटली घेऊन दिवाणखान्यात आली ती खाली मान घालून. शाहदाद समोरच बसला होता. पांढराशुभ्र पायघोळ अंगरखा, भरतकामाची टोपी आणि गळ्याशी लोंबणारा गोंडा. गोंड्यावर त्याने अत्तराची अख्खी बाटली उपडी केलेली असावी, कारण शेजारी बसलेल्या तिच्या दोन चुलतभावांनी नाकं दुसरीकडे वळवून मोबाइलमध्ये डोकी घातली होती. त्याचे वडील पीरबख्श यांच्यापुढे तिने कॉफी ठेवली. त्यांनी पेल्याला हात लावला नाही. मागणी घालायला आलेला माणूस होकार मिळेपर्यंत कॉफी पीत नाही. तो भरलेला पेला तसाच राहिला आणि रय्याचा सगळा जीव त्या पेल्यात अडकला.

अरबीत सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. तुमचं घराणं, आमचं नशीब, देवाची कृपा. गंमत होती ती अरबीच्या खाली. मोठ्या खुर्चीत बसलेली रय्याची आजी, बीबी झुवेना, ओठ न हलवता सुनेला स्वाहिलीत म्हणाली, "हलव्याचं ताट बघ कुठे गेलं. ही बाई मुलगी न्यायला आलीय की हलवा?"

शाहदादला ठसका लागला. तोंडात काही नसताना लागला.

त्याची आई माहगंज हलव्याचा घास गिळून, चेहरा अगदी साळसूद ठेवून, नवऱ्याला बलुचीत म्हणाली, "मुलगी बरी आहे हो. पण नाक केवढं! आधी नाक आलं खोलीत, मागून मुलगी."

रय्याचा हात आपोआप नाकाकडे गेला. तिने तो अर्ध्यातून डोक्यावरच्या ओढणीकडे वळवला खरा, पण उशीर झाला होता. बीबी तिच्याकडेच पाहत होती. मग बीबीने शाहदादकडे पाहिलं, पुन्हा रय्याकडे पाहिलं आणि काठीवर हनुवटी टेकवली.

बीबी दूर समुद्रापलीकडे, स्वाहिली बोलणाऱ्या पेंबा बेटावर वाढलेली होती. तिथली लवंगेची झाडं आणि अर्धं गोत मागे टाकून ती लेकराला घेऊन जहाजाने इथे आली. शाळेत इतर पोरांनी त्या लेकराला परक्या भाषेवरून इतकं पिडलं, की त्याने मोठं झाल्यावर घरात नियमच केला : मुलांशी अरबीत बोलायचं. ते लेकरू म्हणजेच नासोर. बीबीने तो नियम कधी पाळला नाही. ती स्वाहिलीत विचारी, नातवंडं अरबीत उत्तर देत. पुढे पुढे रय्या सोडून बाकीच्या नातवंडांनी तेही सोडलं.

"नासोर," बीबी स्वाहिलीतच म्हणाली, आणि आवाज असा की जणू हवापाण्याचं बोलतेय. "त्या मुलाच्या गोंड्यावर विंचू चढतोय. आता गळ्याशी पोचेल."

"आई, पाहुण्यांसमोर अरबीत," नासोर म्हणाले. आई काय बोलते याकडे कान देणं त्यांनी कधीच सोडलं होतं. कुठल्या भाषेत बोलते, एवढंच ते ऐकत. चुलतभावांनी मान वर केली नाही.

शाहदाद मात्र उडाला. "विंचू! विंचू!" असं स्वाहिलीत ओरडत त्याने गोंडा हिसडला, टोपी भिरकावली, एका चुलतभावाच्या पायावर पाय दिला आणि खोलीच्या मधोमध उभा राहून स्वतःलाच थपडा मारायला लागला. मग त्याला सगळ्यांचे चेहरे दिसले. मग विंचू नसल्याचं दिसलं. मग आपण काय करून बसलो, तेही दिसलं.

रय्याने डोळे मिटून घेतले. संपलं, तिला वाटलं. पुतणीचं लग्न मोडल्यावर जेवले होते, माझं मोडून गोडही खातील.

"तुला स्वाहिली कुठून येते रे?" नासोर यांनी विचारलं. आवाज हळू होता, आणि तो हळू झाला की घरातले सगळे आपापल्या खोल्यांत जात.

शाहदादने तोंड उघडलं. खोटं बोलणं त्याला जमत नसे. गोष्ट सगळी रय्याने रचली होती, त्याने फक्त माना डोलावल्या होत्या. आता तो खरं सांगणार, हे तिला त्याच्या कानांच्या रंगावरून कळलं.

"मी शिकवली," बीबी म्हणाली. आणि हे मात्र अरबीत, सगळ्यांना कळेल असं.

"तू? कुठे?"

"दवाखान्यात. मी गुडघे दाखवायला जाते ना, तिथल्या बाकावर. हाही येतो तिथे."

"आई, दवाखान्यात तुला मी नेतो."

"नेतोस की. आणि दारात सोडून गाडीत मोबाइल बघत बसतोस. आत बाकावर माझ्याशी कोण बोलतं, ते तू कधी पाहिलंस?"

ते पाहायला नासोर खरंच कधी आत गेले नव्हते. दवाखान्यात बीबीशी कुणीच बोलत नसे, हे रय्याला ठाऊक होतं, आणि आत्ता ते आठवून तिला रडू यायला लागलं.

"आमच्या पोराला म्हाताऱ्या माणसांचा भारी लळा," पीरबख्श यांनी अरबीत ठोकून दिलं.

"कसला लळा! घरच्या आजीला औषध द्यायला सांगितलं की मेला झोपेचं सोंग घेतो," माहगंज बलुचीत पुटपुटली. रय्या किटलीकडे एकटक बघत राहिली.

नासोर यांनी एकदा पुतण्यांकडे पाहिलं, ते अजून मोबाइलमध्येच होते. मग आईकडे पाहिलं. ती काठीवर हनुवटी ठेवून आरामात बसली होती. भर पाहुण्यांत आईला खोटं पाडायचं, की मुकाट गिळायचं? शेवटी ते पीरबख्श यांना म्हणाले, "कॉफी घ्या. गार झालीय, पण घ्या."

पीरबख्श यांनी ती गार कॉफी एका घोटात संपवली. माहगंजने हलव्याचं ताट पुन्हा जवळ ओढलं, आता हक्काने.

पाहुणे गेल्यावर बीबीने रय्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"ती बाई नाकाला काय म्हणाली?"

"मोठं आहे म्हणाली," रय्या अरबीत म्हणाली.

"माझं आहे ते नाक. तिला सांग, लग्नानंतर. आधी नको." बीबी तिथल्या स्टुलावर टेकली. "आणि त्याला सांग, दर शुक्रवारी इथे यायचं आणि माझ्याशी बोलायचं. मी त्याच्यासाठी खोटं बोललेय, फुकट नाही बोलले. त्या एका 'विंचू'वरूनच कळलं, बेट्याचं बोलणं अगदी पेंबाचं झालंय. अगदी माझंच. कुणाच्या तोंडून गेलं असेल त्याच्याकडे?"

रय्या कॉफीचे पेले विसळायला लागली.

"मला वाटायचं, तुला बोलता येतच नाही गं," बीबी म्हणाली. आता तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "एवढ्याशी होतीस तेव्हापासून तुला रोज विचारते. तू हो नाहीतर नाही म्हणतेस, तेही अरबीत. मी म्हटलं, जाऊ दे, पोरीला जमत नसेल. आणि तू त्याला शिकवत होतीस?"

रय्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांचा नियम होता, शाळा होती, मैत्रिणी हसल्या असत्या, ही सगळी कारणं तिच्याजवळ होती. त्यातलं एकही तिला त्या स्टुलासमोर काढावंसं वाटेना.

बीबी काठी टेकत उठली. दारापर्यंत गेली आणि रोजच्यासारखं, उत्तराची वाट न बघता, तिने स्वाहिलीत विचारलं, "जेवलीस का?"

"नाही बीबी," रय्या स्वाहिलीत म्हणाली. "तुझ्यासाठी थांबलेय."

बीबी दारातच थांबली. मग माघारी फिरली, स्टूल ओढलं आणि म्हणाली, "वाढ मग. आणि हलवा उरला असेल तर तोही आण."