दोन पदांचा फलक

विद्याश्रीच्या हातात कुणीतरी नारळ दिला आणि तिला रांगेत ढकललं.

"मी सत्काराला नाही आले हो," ती म्हणाली. "मला सोमेशशी बोलायचंय."

"बोला की. नारळ देताना बोला. सगळी तसंच बोलायल्यात."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मुदत पाचला संपत होती.

जयसिंगपुरातल्या त्या घरासमोर मांडव घातला होता. मांडवात लाल खुर्ची, खुर्चीत सोमेश. फेटा कानांवर उतरलेला, मांडीवर शालींची चळत. रांगेत पतसंस्था होती, तरुण मंडळ होतं, दोन भिश्या होत्या आणि एक पाव्हणे होते, ते पलीकडच्या घरी जायचे, चुकून इकडे आले होते. पण आलोच आहोत तर म्हणून थांबले होते.

सोमेश दोन परीक्षा पास झाला होता. राज्यकर निरीक्षक तो होणार, हे ठरलं होतं. दुसरं, मंत्रालयातल्या सहायक कक्ष अधिकाऱ्याचं पद त्याला नको होतं. पण नको, हेही आज पाचच्या आत संकेतस्थळावर कळवावं लागत होतं. कळवलं की यादी एका नावानं वर सरकणार होती, आणि ते पुढचं नाव विद्याश्रीचं होतं. न कळवलं तर पद त्याच्या नावावर रिकामं पडून राहणार होतं. पुढच्या परीक्षेला विद्याश्रीचं वय बसत नव्हतं. कोल्हापूरच्या अभ्यासिकेत ती इतकी वर्षं होती, की नवी पोरं फी भरायला आधी तिच्याच टेबलापाशी जात. सोमेशही पहिल्या दिवशी गेला होता. तिनं त्याला कार्यालय दाखवलं आणि पुढं वर्षभर भूगोलही.

तीन दिवस तो फोनवर "करतो ताई, आज करतो" म्हणत होता. कालपासून फोन उचलत नव्हता.

तिचा नंबर आला. नारळ पुढं करत ती वाकली.

"केलंस?"

"हिकडं बघा, हसा म्याडम," फोटोवाला म्हणाला.

"ओटीपी अप्पांच्या मोबाइलवर जातोय, ताई." सोमेश फोटोसाठी हसत ओठ न हलवता बोलला. "फॉर्म भरला तवा त्यांचाच नंबर दिलता. ते आकडा सांगंनात. तीनदा मागवून बघितला."

"का पण?"

त्यानं नजरेनंच रस्त्यापलीकडे दाखवलं. तिथं दोन मजल्यांइतका डिजिटल फलक उभा होता. 'एकाच वर्षी दोन पदे!' खाली सोमेश, दोन वेगवेगळ्या शर्टांत.

नारळ तिच्या हातातच राहिला. ती शेजारच्या खुर्चीकडे वळली. तिथं सोमेशचे वडील गुरुसिद्धअप्पा बसले होते. पोत्या-सुतळीचे व्यापारी, सदऱ्याच्या खिशात मोबाइल.

"बसा की बाई. कुठनं आलासा?"

"कबनूरची मी. कोल्हापुरात सोमेशच्या अभ्यासिकेत असते."

"म्हंजे तुमी बी अधिकारी?"

"अजून नाही."

"व्हशीला की." त्यांनी फलकाकडे बोट केलं. "डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात खालचं नाव वाचा बघू."

विद्याश्रीनं डोळे बारीक केले. शुभेच्छुकांची मुंगीएवढी ओळ दिसत होती, नाव लागत नव्हतं.

"बाळासो. आमचं शेजारी. त्यांचा सम्राट तलाठी झाला, तर एका पदाचा बोर्ड वर्षभर उतरवला न्हाय. म्हनून त्यांचं नाव मुद्दाम बारीक घातलंय. मला हितनं सपष्ट दिसतंय. एकाहत्तर चालू हाय, चष्मा न्हाय!"

विद्याश्रीनं घड्याळ बघितलं आणि सगळं सांगितलं. यादी, पद, पाचची मुदत. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. गिऱ्हाइकाला उधार द्यायचं नाही हे ठरलेलं असलं, की व्यापारी असाच ऐकतो.

"आयतवारी मोठा सत्कार हाय. पत्रिका वाटल्यात. दोन पदं छापलंय. त्यातलं एक सोडलं तर ऱ्हायलं किती?"

"एक."

"एक तर बाळासोच्यात बी हाय."

विद्याश्रीनं घड्याळ त्यांच्यापुढं धरलं.

"सोमवारी सोडंल की तो. म्या कुठं न्हाय म्हनतोय?"

"मुदत आज संपते, काका."

"सरकारी मुदत ती. वाढवत्यात."

"ही नाही वाढत."

चार चाळीस. पतसंस्थेच्या अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. विद्याश्रीच्या बोटांनी नारळाची शेंडी उपसायला घेतली होती. पायाशी काथ्या पडत होता.

"कितवं वरीस तुमचं?" अप्पांनी एकदम विचारलं.

"अकरावं. आता वयच संपलं."

"घरी कोन?"

"वडील. यंत्रमागावर जॉबर आहेत, बिघडलेले माग लावून देतात. त्यांना वाटतं, मला अभ्यासिकेतच नोकरी आहे. गल्लीत तसंच सांगतात."

अप्पांनी खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला.

"बोर्ड राहू द्या, काका. रविवारी दोन्ही पदांचा सत्कार होऊ दे. मी काही बाळासोंना सांगायला जाणार नाही."

अध्यक्षांनी 'शेवटी एवढंच सांगतो' असं तिसऱ्यांदा म्हटलं. सोमेशचा उजवा हात मघापासून शालींच्या खाली मोबाइलवर होता. अप्पांचा खिसा वाजला.

चार बावन्न.

अप्पांनी मोबाइल काढला आणि हातभर लांब धरून बघितला. मग सोमेशकडे बघितलं. सोमेश अध्यक्षांकडे बघत होता. मग त्यांनी फलकाकडे बघितलं, बराच वेळ. मोबाइलचा उजेड मावळला. त्यांनी अंगठ्यानं तो पुन्हा पेटवला. विद्याश्रीनं नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"काय बारीक अक्षरं काढत्यात ही लोकं," अप्पा म्हणाले आणि मोबाइल तिच्यापुढं केला. "मला काय दिसंना झालंय. वाच बघू, पोरी. मोठ्यानं वाच."

तिनं सहा आकडे वाचले. चौथ्याला आवाज चिरकला, तो आकडा तिनं परत वाचला. टाळ्या पडल्या. भाषण संपलं होतं. शालींची चळत जरा हलली. सोमेशनं फेटा वर सारला आणि तिच्याकडे बघून मान डोलावली. चार पंचावन्न.

विद्याश्रीनं नारळ अप्पांच्या पुढं धरला.

"ऱ्हाऊ दे. तुझ्या अप्पास्नी दे," ते म्हणाले. मोबाइल खिशात टाकून ते उठले, मांडवाच्या कडेला गेले आणि कपाळावर हात धरून रस्त्यापलीकडे फलकाखाली उभ्या पोराला ओरडून म्हणाले:

"अरं यशराज! उजव्या अंगाची, वरनं तिसरी सुतळी सैल झालीया बघ. आवळून बांध!"