लाखोरीचा दाणा

तळहातावरचा दाणा गोल नव्हता, हे इतक्या दिवसांत तिनं कधी पाहिलंच नव्हतं. करडा, एका बाजूनं दाबलेला, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा निमुळता... डब्याच्या तळाशी एकटाच राहून गेलेला. सुनीतीनं तो मोबाइलच्या फोटोशेजारी धरला. फोटोतला आणि हातातला, सख्खे भाऊ.

फोटो चिन्मयनं काल पुण्याहून पाठवला होता. खाली एक ओळ — आई, ही खेसारी. बाबा कधी खात होते का? मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा त्याला तिकडे दिसल्या असणार. आणि हिनं अजून उत्तर लिहिलं नव्हतं.

खेसारी! नागपूरच्या डॉक्टरांनीही विचारलं होतं, "खेसारी दाल खाते हैं क्या?" आणि ती किती तोऱ्यात म्हणाली होती, नहीं जी, हमारे यहाँ कोई नहीं खाता. खोटं कुठं बोलली ती? तिच्या घरात या डाळीला लाखोरी म्हणतात, डाळ आणून देणारी खैरलांजीची मैनाबाई लाखोरी म्हणते... डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खोडलं, तिच्या नवऱ्याला, बंडोपंतांना, बाहेर बसवलं आणि तिला एकटीला सांगितलं — मज्जापेशी मरत जाण्याचा आजार. आधी पाय, मग हात, मग जीभ, शेवटी श्वास. तीन वर्षं, फार तर चार. बंडोपंतांना तिनं सांगितलं, सांध्यांचं आहे, वेळ लागेल. त्यांनी मान डोलावली. बायकोवर विश्वास ठेवायची खोडच होती त्यांना.

आणि बायको कशी, तर हे टोक नाहीतर ते टोक. रिटायर झाल्यावर त्यांची साखर वाढलेली निघाली; भात-पोळी कमी करा, एवढंच सांगितलं होतं, हिनं बंदच करून टाकली. "बाई, शुगरले लाखोरीच चांगली," मैनाबाई म्हणाली, "दळून आणून देऊ काय?" मग दीड वर्ष, दोन्ही वेळा, लाखोरीची भाकर आणि लाखोरीचंच वरण. स्वतः मात्र ती भात खायची... मला कुठं धाड भरली होती साखरेची! साखर उतरली तेव्हा गल्लीभर मिरवून आले मी. मग त्यांचे पाय ताठ व्हायला लागले, टाचा टेकेनात, गुडघ्याला गुडघा घासायला लागला.

फोटोमागून चिन्मयचा आवाजही आला होता. तो मज्जापेशींवरच्याच प्रयोगशाळेत काम करतो. अकरा वेळा ऐकला तिनं. "आई, मज्जापेशीच्या अंगावर दारं असतात समज. ग्राही म्हणतात त्यांना. ग्लुटामेट नावाचं रसायन निरोप घेऊन येतं, दार उघडतं, निरोप पोचला की बंद होतं. खेसारीतलं विष हुबेहूब ग्लुटामेटसारखं. दार उघडतं ते उघडंच राहतं, कॅल्शियम आत शिरत राहतं, आणि पेशी मरते. पण मेली तेवढीच मेली. खाणं थांबलं की पुढे वाढत नाही सहसा. पाय अधू होतात, पण जीभ शाबूत राहते. माणूस राहतो."

माणूस राहतो.

म्हणजे मी केलं असेल तर हे जगतील. आणि माझा काही दोष नसेल तर... देवा, माझाच दोष असू दे. मीच वाढलं, मीच आग्रह केला, अर्धी भाकर आणखी घ्या म्हणून — तेवढं खरं ठरू दे. असलं मागणं कुणाजवळ बोलायचं? मुलाजवळ? त्यानं तपासण्या सांगितल्या आणि त्यात निराळंच निघालं तर? ज्याच्याशी रोज सगळं बोलायची, तो माणूस शेजारच्या खोलीत पेपर वाचत होता, आणि नेमकं त्यालाच हे सांगता येत नव्हतं. फार एकटं वाटलं तिला.

दुपारी तिनं ज्वारीची भाकर केली. बंडोपंत भिंत धरधरत, चवड्यांवर आले, बसले. एक घास तोंडात फिरवला.

"आज भाकर वेगळी काहून?"

"पीठ संपलं."

"मंग मैनाबाईले सांग न. लाखोली धाडून दे म्हणा."

लाखोली.

पळी तिच्या हातात तशीच राहिली. र कुठं गेला? जीभ... जिभेपर्यंत आलं की काय? की ही त्यांची जुनीच तऱ्हा? सासूबाई लाखोळी म्हणायच्या, आणि जन्मभर हिंदीत फायली लिहिणाऱ्या या माणसाला ळ कधी जमलाच नाही. केळीला केली, दिवाळीला दिवाली. बत्तीस वर्षं त्यावरून तिनं त्यांना छळलं होतं. म्हणजे आधीपासून लाखोलीच म्हणत असतील. की र म्हणायचे? दीड वर्ष, दिवसातून दोनदा, याच पाटावर बसून त्यांनी हा शब्द उच्चारला असेल, आणि ती ऐकतच नव्हती! तिला एकही वेळ आठवेना.

"पुन्हा म्हणा बरं."

"काय?"

"डाळीचं नाव."

बंडोपंतांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला.

"चिडवून राह्यली का मले? किती दिवसांनी गं! नाही म्हणत, जाय."

आणि ते हसायला लागले. खांदे हलवत, घास तसाच हातात धरून. हसण्यात र नसतो, ळ नसतो. त्यावरून काही म्हणता काही कळत नाही. तरी ती ऐकत राहिली, कान देऊन, सगळं. चिन्मयला 'हो' लिहायचं होतं, आता लिहायचंच होतं. पण आधी यांचं हसून होऊ दे, एवढंच तिला वाटत होतं.