प्याल्याचा निवाडा

त्या संध्याकाळी दरबारात मुंगी शिरायला जागा नव्हती. दरबार म्हणजे 'दरबार-ए-खास, परमिट रूम व फॅमिली रेस्टॉरंट'. वाळूजची जमीन कारखान्यांना देऊन मोकळे झालेल्या तात्यासाहेबांनी शहागंजाजवळची एक निजामकालीन हवेली घेतली आणि तिथं बादशाही थाटली. वेटरांना अंगरखे, मॅनेजरला वजीर म्हणायचं, खारे शेंगदाणे 'शाही मेवा' म्हणून यायचे आणि बायकापोरांसाठी पडद्याआड ठेवलेल्या टेबलांचं नाव होतं जनानखाना. आज मात्र लोक प्यायला आलेच नव्हते. ते प्याला बघायला आले होते.

झालं होतं असं, की हवेलीच्या भिंतीवर कुणीतरी डांबरानं ठसठशीत लिहून ठेवलं होतं, 'नामांतर झालेच पाहिजे'. विद्यापीठाच्या नावाचा ठराव होऊन वर्षं लोटली होती, नाव काही बदललं नव्हतं, आणि क्रांती चौकात मोर्चा निघाला की शहागंजातली शटरं खाली यायची. तात्यासाहेब म्हणायचे, मला घोषणेचं काही नाही, भिंतीचं वाईट वाटतं. हे खोटं होतं. नोकरांपैकीच कुणीतरी लिहिलंय असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि जो सापडेल त्याला कामावरून काढून पोलीस चौकीत पाठवायचं जाहीर केलं. शोधायला बोलावले प्याल्यावरून खरंखोटं सांगणारे सुरईबाबा.

तात्यासाहेब आमच्या गावचे, म्हणून मी आणि आमच्या सौभाग्यवती आवडाबाई जनानखान्यात आमंत्रित होतो. मी वाळूजला स्कूटरच्या कारखान्यात नोकरीला, आणि आवडाबाई गारखेड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या शेवभाजीसाठी आल्या होत्या. बाबा दिसल्यावर त्यांनी पोळी बाजूला ठेवली.

बाबांनी चौरंगावर प्याला मांडला. चांदीसारखा दिसणारा, आत मधोमध एक मोर. "ये बादशहाच्या तोशाखान्यातला प्याला है," बाबांनी सुरू केलं. "सच्च्यापुढं ठहरता, झूठ्यापुढं बहता. इसमें मेरा कुछ नहीं, मी फक्त ओततो." त्या शेवटच्या वाक्यात सगळं होतं, पण ते कुणी ऐकलं नाही.

एकेक नोकर पुढं यायचा, चौरंगावर हात ठेवून 'मी लिहिलं नाही' म्हणायचा, बाबा सुरईतून रम ओतायचे. वजिरापुढं रम प्याल्यात ठरली, वजीर सुटला. आचारी सुटला. मग आला केरबा. हा दारावरचा चोपदार, डोक्याला जरीचा फेटा, हातात पितळी दंड. त्याच्या घराण्यात मेंढरं होती. चराईच्या रानात कारखाने उठले, मेंढरं विकली आणि केरबा दरबारी लागला. त्यानं हात ठेवला, बाबांनी ओतलं, प्याल्यानं गुडगुड आवाज केला आणि सगळी रम दिसेनाशी झाली. गर्दीनं हात जोडले.

"म्या साळंचं तोंड पाह्यलं नाय," केरबा म्हणाला. "पगाराला अंगठा देतो. लिहू कशानं?"

आता तरी लोक हसतील, असं मला वाटलं. पण सांडू नावाचे एक म्हातारे गिऱ्हाईक मान हलवत म्हणाले, "लई खोल माणूस हाय. लिहिता येतं ते बी लपवून ठिवलं." आणि सगळ्यांना ते पटलं. मला इतका संताप आला की समोरचा शाही मेवा फेकून मारावासा वाटला. भांडी घासणारी बानाबाई, केरबाची बायको, ओल्या हातांनी धावत आली. हा चौकीत गेला तर लेकरं घेऊन मी कुठं जाऊ, असं ती तात्यासाहेबांना विचारत राहिली, आणि ते छताकडं बघत राहिले.

आवडाबाई पडदा सारून उठल्या. बाबांनी सगळ्यांना विचारलं, बाबांना कुणी विचारलंच नाही, ही काय पाहुण्याची रीत झाली, असं म्हणत त्यांनी सुरई उचलली. बाबा म्हणाले, मी घेत नाही. घेऊ नका, नुसता हात ठेवा, मान तुमचा, असं आवडाबाईंनी सांगितलं. यजमान म्हणून तात्यासाहेबांनाही वहिनींचं म्हणणं पटलं. बाबांनी नाइलाजानं हात ठेवला आणि म्हणाले, मी लिहिलं नाही.

"थोडीच, ताई, थोडीच."

"अर्धा प्याला द्यायला तुम्ही काय परके आहात?" असं म्हणून आवडाबाईंनी मोर बुडवून काठोकाठ भरला.

गुडगुड झालं. प्याला रिकामा.

"म्हंजी बाबानं लिवलं व्हय?" सांडू म्हाताऱ्यानं विचारलं, आणि पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

आवडाबाईंनी प्याला उलटा करून बुडाचं भोक दाखवलं. ड्रममधून नळीनं रॉकेल काढतो ना आपण, त्यांनी विचारलं. एकदा धार लागली की ड्रम रिकामा होईस्तोवर ती थांबते का? तशीच वाकडी नळी या मोराच्या पोटात आहे. तिचा वाक मानेशी. रम मानेखाली राहिली तर माणूस संत, मान बुडाली तर चोर. तुम्ही सगळे केरबाच्या तोंडाकडं बघत होता. सुरई कुणाच्या हातात आहे आणि तो किती ओततोय, ते बघायचं होतं.

चौरंगालाही प्याल्याखाली भोक होतं; वरची फळी काढली तर आत पत्र्याचा डबा, सगळी सांडलेली रम त्यात. सत्य शोधता शोधता बाबांची घरची सोय होत होती. आणि केरबालाच का धरलं? कारण त्याच्या बाजूनं बोलणारं तिथं कुणी नव्हतं. कोंबड्याचा बळी देतात, वाघाचा कुणी देत नाही, तसलाच प्रकार. बाबा मागच्या दारानं कधी सटकले ते कळलं नाही.

"मग लिहिलं कुणी?" तात्यासाहेब अजून तिथंच अडकले होते.

"मला ठाऊक नाही," आवडाबाई म्हणाल्या. "तुम्हालाही नाही. ठाऊक नसलं की ठाऊक नाही म्हणावं. मधे बाबा घालू नये."

केरबाची नोकरी राहिली. सुट्टीच्या दिवशी तो पाटी घेऊन आमच्याकडं यायला लागला, आणि आवडाबाई त्याच्याकडून आमच्या मुलांपेक्षा कडक अभ्यास करून घ्यायच्या.

पुढल्या उन्हाळ्यात मी दरबारावरून जात होतो. भर दुपार, रस्त्यात गर्दी. चुना मारलेल्या भिंतीवर पुन्हा तीच घोषणा, या वेळी वेड्यावाकड्या अक्षरांत, शेवटचा शब्द चढणीला लागलेला. खाली सही होती, 'केरबा'. सही करणारा जरीचा फेटा घालून शेजारीच उभा होता, हातात डांबराचा ब्रश. तात्यासाहेब लालबुंद होऊन बाहेर आले.

"बाबाला बोलवू नका, तात्यासाहेब," केरबा म्हणाला. "म्याच लिवलंय."