आधीचा गवंडी

फुटक्या भिंतीला पहिला हातोडा लागण्याआधी ती बांधणाऱ्याचा उद्धार झालाच पाहिजे, असा म्हाताऱ्या मिस्त्रींचा नेम होता. कामावर पोचले की ते काठी टेकत भिंतीसमोर उभे राहत, चष्मा पुसत आणि आधीच्या गवंड्याची अक्कल, त्याचे हात, त्याची नजर, त्याला थापी धरायला शिकवणारा गुरू, अशा सगळ्यांचा एकेक करून समाचार घेत. पाऊण तास सहज जाई. घरमालक खूश होत. इतकं बोलणाऱ्याला काम येत असणारच, असं त्यांना वाटे.

जावई तोवर सिमेंटच्या गोण्या उतरवून घेई. तोही गवंडीच, आणि चांगला. अठरा वर्षं सासऱ्यांच्या हाताखाली काढली होती. लग्न झाल्या दिवसापासून सासरे त्याला 'तुम्ही' म्हणत, त्यामुळे शिव्याही मानाने मिळत. "जावईबापू, तुम्ही गाढव आहात," असं. पण म्हाताऱ्यांच्या कोटाच्या खिशात एक पितळी ओळंबा होता, दोरीला लटकवून भिंत सरळ आहे का ते पाहायचा. तो ज्याच्या खिशात तो मिस्त्री, बाकी सगळे हाताखालचे. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी तो खिसा काही रिकामा होत नव्हता. या वेळी मात्र ते आपणहून म्हणाले होते, "हे एक काम नीट होऊ द्या. मग ओळंबा तुमचा आणि मी घरी."

हे काम म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या घरामागची भिंत. घराच्या पाठीशी उतार होता आणि त्याची माती अंगावर येऊ नये म्हणून पुरुषभर उंचीची ही दगडी भिंत. तिला मधोमध पोट सुटलं होतं. वरपासून खालपर्यंत तडा गेलेला, त्यात बाईंची चार बोटं आरामात जात. तिथून झिरपणारं पाणी थेट स्वयंपाकघराच्या मागच्या दारात येई, म्हणून बाईंनी उंबऱ्याशी पोतं अंथरलं होतं.

जावयाने भिंत पाहिली आणि खांद्यावरची गोणी तिथेच खाली ठेवली. घराचा रंग बदलला होता, वर मजला चढला होता, मालकही नवे होते. पण कोपऱ्यातली पाण्याची टाकी तीच. ही भिंत त्यांनी दोघांनीच बांधली होती, अठरा वर्षांपूर्वी, त्याचं लग्न दोन आठवड्यांवर आलेलं असताना.

ती फुटली कशाने, हेही त्याला ठाऊक होतं. मिस्त्रींनी भिंतीच्या खालच्या अंगाला सात भोकं ठेवली होती, मागे साचलेलं पाणी निघून जावं म्हणून. हा तेव्हा अगदी नवखा, होणाऱ्या सासऱ्यांवर छाप पाडायला उतावीळ. त्याला वाटलं, भोकं चुकून राहिली. ते जेवायला गेले असताना त्याने सातही सिमेंटने बुजवली आणि वरून अंगठ्याने छान गुळगुळीत केली. मिस्त्री परत आले, भिंतीकडे बघून म्हणाले, "हात साफ आहे. पोरगी सुखात राहील." भोकं कशासाठी असतात ते त्याला दोन वर्षांनी कळलं. तोवर बोलायची सोय उरली नव्हती.

आता उद्धार सुरू होणार, म्हणून बाईंनी खुर्ची आणून ठेवली. मिस्त्रींची कीर्ती त्यांच्या कानावर आली होती. म्हाताऱ्यांनी चष्मा पुसला, भिंतीवरून एकदा नजर फिरवली.

"असेल कोणीतरी," ते म्हणाले. "माणूस आहे, चुकतो."

"एवढंच?" बाई म्हणाल्या.

"ऊन फार आहे."

जावयाचा जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना भिंत ओळखूच आली नव्हती. आता फक्त भोकांचा पुरावा नाहीसा करायचा होता.

मग दोघांनी लाकडी टेकू लावून पोट सुटलेला भाग वरून एकेक दगड काढत उतरवायला घेतला. जेवणानंतर सासरे तोंडावर रुमाल टाकून आडवे झाले, तसा जावई छिन्नी घेऊन बसला. भोकांतला सिमेंटचा एकेक बोळा अलगद सोडवायचा आणि बादलीत टाकून टाकीमागे नेऊन ठेवायचा.

"हे काय लपवताय?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंनी विचारलं.

"कचरा आहे, बाई."

"बाकीचा कचरा तर अंगणभर पसरलाय."

जावयाने बादली आणखी आत सरकवली.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी त्याला पाइप आणायला पाठवलं. "सावकाश बघून आणा. घाई नाही," असंही म्हणाले. घाई नाही हे शब्द अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून आले नव्हते. पण पाइप पहिल्याच दुकानात मिळाले आणि जावई अर्ध्या तासात परत आला.

बघतो तर काय, कोट झाडाला टांगलेला आणि गुडघे गेलेले सासरे उतरवलेल्या भागात उभे राहून पहारीने जमीन खणतायत. घामाने निथळत होते. शेजारी भिंतीचा पाया उघडा पडला होता. तळचा दगड जमिनीत जेमतेम वीतभर गेला होता, आणि खाली नुसती भुसभुशीत माती.

"मामा, पाया एवढाच?"

"मला काय विचारता? ज्याने बांधली त्याला विचारा."

तेवढ्यात बाई आल्या. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात टाकीमागची बादली. त्यांनी बादली दोघांच्या मध्ये ठेवली.

"हे कुणाचं आहे?"

सासऱ्यांनी वाकून सिमेंटचा एक बोळा उचलला. त्यावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. त्यांनी तो बराच वेळ हातात फिरवला. जावयाला वाटलं, गेला ओळंबा.

"सातही आहेत का?" सासऱ्यांनी विचारलं.

जावई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. "सात आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

म्हातारे चष्मा पुसू लागले. बाईंनी शांतपणे चहा ओतला. त्यांनी उभा जन्म वर्गात काढला होता. "आता दोघंही खरं सांगा," त्या म्हणाल्या. "भिंत कोणी बांधली?"

"मी," सासरे म्हणाले.

"भोकं मी बुजवली," जावई म्हणाला. मग सासऱ्यांकडे वळून, "तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"मोतीबिंदू आत्ताचा आहे. तेव्हा नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

सासरे खाली बसून गुडघा चोळू लागले. "पाया कमरेइतका खणायचा होता. लग्न तोंडावर आलेलं, कामं शंभर. वीतभर खणला आणि दगड लावून मोकळा झालो. तुम्हाला भोकांवरून बोललो असतो, तर तुम्ही पायाचं काढलं असतं."

"मला तेव्हा पाया कळतच नव्हता, मामा."

"ते नंतर माझ्या लक्षात आलं."

जावयाला राग आला, हसूही आलं. ज्या माणसाला तो अठरा वर्षं भीत होता, तो तेवढीच वर्षं त्याला भीत होता. घामेजलेल्या त्या म्हाताऱ्याबद्दल त्याला एकदम फार माया वाटली. त्याने पहार त्यांच्या हातातून काढून घेतली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "काल राहिलेलं आज झालं पाहिजे. मी खुर्ची आणते."

मग मिस्त्रींनी उद्धार केला. पाऊण तास, एकही शब्द न गाळता. अर्धा स्वतःचा, अर्धा जावयाचा, आणि जावयाच्या वाट्याला 'तुम्ही' शेवटपर्यंत राहिलं. थापी धरायला शिकवणाऱ्या गुरूची पाळी आली तेव्हा जावयाचे गुरूही ते स्वतःच निघाले, म्हणून तेवढं दोनदा झालं. बाई तृप्त झाल्या.

पुढच्या दहा दिवसांत त्यांनी उरलेली भिंतही उतरवली, कमरेइतका पाया खणून ती पुन्हा रचली, भिंतीच्या पाठीला मातीऐवजी दगडगोटे भरले, सात पाइप बसवले. शेवटी जावयाने वर चढून मागे चार बादल्या पाणी ओतलं. थोड्या वेळाने पाणी खाली सातही तोंडांतून बाहेर आलं. बाईंनी उंबऱ्यावरचं पोतं उचललं.

सासऱ्यांनी खिशातून ओळंबा काढून पुढे केला.

"मी चुकलो तरी?" जावयाने विचारलं.

"मी चुकलो तेव्हाही तो माझ्याच खिशात होता."

पुढच्या कामावर जावई एकटाच गेला. तिथलीही भिंत पुढे झुकली होती. "कुठल्या गाढवाने बांधलीय कोण जाणे," घरमालक म्हणाले आणि मोठ्या आशेने त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. जावयाने ओळंबा सोडला, भिंत किती बाहेर आली ते पाहिलं, कोपऱ्यात ओळखीची टाकी आहे का तेही पाहिलं.

"बांधून किती वर्षं झाली?" त्याने विचारलं.