प्रोजेक्टरखालची टाचणवही

मी एक जुनी टाचणवही आहे. कपाटातल्या गुंडाळलेल्या नकाशाने मला पूर्वीच बजावलं होतं, "फार मिरवू नकोस बाई. आज हातात आहेस, उद्या माझ्यासारखी कोपऱ्यात असशील." मी ते हसण्यावारी नेलं.

मित्रांनो, माझी ऐटच तशी होती. आमच्या विज्ञानाच्या बाई तान्ह्या लेकीला मांडीवर थोपटत दुसऱ्या दिवशीचा पाठ माझ्यात मांडायच्या. बाराव्या पानावर अजून दुधाचा डाग आहे. काय शिकवायचं ते निळ्या शाईत, कसं शिकवायचं ते लाल शाईत. 'इथे प्रश्न विचार आणि दहा मोजेपर्यंत गप्प राहा. उत्तर स्वतः देऊ नकोस.' मोठ्या बाई पाठ बघायला आल्या की आधी मला चाळायच्या. म्हणायच्या, "टाचण असावं तर असं."

मग प्रोजेक्टर आला. बाईंचा सगळा वेळ त्याची चित्रं जुळवण्यात जाऊ लागला. मी टेबलावर पडून जळत होते. एके दिवशी बाईंनी मला उचललं. झाली एकदाची आठवण, म्हणून मी फुलले. पण चित्र भिंतीवर फार खाली पडत होतं, म्हणून त्यांनी मला त्याच्याखाली सरकवलं. सवत उरावर बसते म्हणतात, ती अशी.

त्या दिवशी हृदयाचा पाठ होता. मोठ्या बाई मागे बसल्या होत्या. पडदे ओढले, दिवे मालवले, भिंतीवर लालबुंद हृदय धडधडू लागलं.

"माझं याच्यापेक्षा जोरात वाजतं," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. बाई भिंतीकडे तोंड करून एकेक ओळ वाचत होत्या.

माझ्या तिसऱ्या पानावर लाल शाईत लिहिलेलं होतं : 'खिडकीजवळच्या बाकावरच्या चिमणीला कमी ऐकू येतं. ती ओठ बघून समजून घेते. तोंड वर्गाकडे ठेव.' बाईंना ते आता आठवत नव्हतं. मला आठवत होतं. त्या अंधारात चिमणी कधी बाईंच्या पाठीकडे बघत होती, कधी शेजारणीच्या वहीकडे. खरं सांगते, मला तिची कणव आली नाही. उलट बरंच वाटलं. म्हटलं, होऊ दे या प्रोजेक्टरची फजिती.

फजिती त्याची झालीच नाही. मोठ्या बाईंनी तोंडभरून कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी चाचणीत चिमणीचा कागद मात्र कोरा.

"अगं, कालच तर शिकवलं ना?"

"काल तुम्ही बोललात कुठे, बाई?" चिमणी म्हणाली.

बाईंनी मला प्रोजेक्टरखालून ओढून काढलं आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवून पुटपुटल्या, "मीच लिहिलं होतं की हे."

पुढच्या तासाला पडदे अर्धे उघडे होते आणि बाईंची पाठ भिंतीकडे होती. त्यांनी तोच पाठ पुन्हा शिकवला. हृदयातलं रक्त उलटं का येत नाही, असं विचारून त्या गप्प राहिल्या. त्यांनी मनात आठ मोजले असतील, तेवढ्यात चिमणीचा हात वर गेला.

"तिथलं दार एकाच बाजूला उघडतं, बाई."

आता प्रोजेक्टरखाली लाकडी ठोकळा असतो आणि मी बाईंच्या हातात. हेवा अजून गेलेला नाही, मुलं अजून त्याचीच चित्रं मागतात. पण मी जळत पडले होते, तेवढा वेळ एक पोर अंधारात बसून होती, हे काही विसरता येत नाही.

मित्रांनो, पाठ सगळ्यांना आवडला की एकदा खिडकीजवळच्या बाकाकडे जाऊन या. तिथे गप्प बसलेल्या मुलीला विचारा, तुला कळलं का? आणि विचारताना तोंड तिच्याकडे असू द्या.