वरणाची फोडणी

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनला दोन वर्षं होत आली होती. एका सकाळी आंघोळ करताना उमाताईंच्या बोटांना जुन्या व्रणाशेजारी वाटाण्याएवढी गाठ लागली. त्या केस पुसत बाहेर आल्या आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून वरणाला फोडणी द्यायला शिकवू लागल्या.

"अहो, मोहरी तडतडू द्या आधी. हिंग मागून!"

आठवडाभरात विष्णुपंत गॅस सिलिंडर बुक करायला आणि वॉशिंग मशीन लावायलाही शिकले. मग एकदा हातातली पळी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "उमा, खरं सांग. पुन्हा गाठ आलीय का?"

उमाताईंनी होकारार्थी मान हलवली.

त्याच दुपारी दोघं अंबरनाथहून रिक्षाने उल्हासनगरला डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बाईंनी गाठीत सुई घातली. सिरिंजमध्ये पिवळसर तेल चढत गेलं, तशी पडद्यावरची गाठ चपटी झाली.

"ऑपरेशन आणि रेडिएशननंतर कधी कधी तिथली चरबी मरते, तिचं असं तेल साठतं," बाई म्हणाल्या. "तरी तपासून घेऊ."

रिपोर्ट शुक्रवारी आला. कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. उमाताई दवाखान्याच्या पायरीवरच बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या.

"सुटलो! आता फोडणी तुझी तू कर," विष्णुपंत चष्मा पुसत म्हणाले.

"वा! एवढी शिकवणी वाया घालवू? उद्या आमटी."