उशिरा आलेली शपथ

"घ्या ना मग शपथ. मी इकडे पोरीच्या डोक्यावर हात ठेवते. तुम्ही नुसतं म्हणा, प्यायलो नाही."

फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला होता. ओट्यावर सासूबाई लसूण सोलत होत्या, दीर भूषण मोटरसायकल पुसत होता. माझे यजमान जितेंद्र मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत ऑइलर आहेत. जहाजावरच्या सॅटेलाइट फोनवरून महिन्यातून दोन-तीनदा बोलायला मिळतं, तेही दहा मिनिटं.

मी मोहीच्या टाळूवर हात ठेवला. फोनमधून काहीच आलं नाही. मग आवाज आला, "नाही प्यायलो. मोहीची शपथ."

पण मधला तो वेळ सगळ्यांनी ऐकला.

"लगेच काबरं नही बोलना दादा?" भूषणनं मलाच विचारलं. का ते सांगायची मला गरज वाटली नाही. सासूबाई लसणाचं ताट घेऊन आत गेल्या.

मुंबईहून जहाज सुटेपर्यंत बोलणं सरळ होतं. समुद्रात गेल्यापासून काहीही विचारलं की हे आधी थांबायचे. जेवलात का? थांबायचे. मग, "हो." पाचोऱ्याला माहेरी माझे वडील संध्याकाळी पिऊन आले की असंच करायचे. आधी थांबायचे, शब्द जुळवायचे आणि मग फार नीट बोलायचे. आई एक प्रश्न विचारायची आणि मी दाराआडून मोजायचे, एक, दोन. हे पीत नाहीत एवढ्या एका गोष्टीवर मी लग्नाला हो म्हटलं होतं.

श्रावणात घरी कानबाई देवी आल्या. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याचे देवीच्या नैवेद्याचे रोट होतात. सासूबाई डब्यातून मोजून सुपात टाकत होत्या. भूषणचे टाकले. यांच्या नावाला हात डब्यातच राहिला.

"पोरनी खोटी शपथ लिधी तेनी," त्या हळूच म्हणाल्या. "तेना नावना गहू देवीले कसा देऊ?"

त्यांनी डबा बंद केला. मी समोर उभी होते. थांबवलं नाही. खरं सांगायचं तर कुणीतरी माझ्या बाजूनं आहे, याचं बरंच वाटलं. त्या वर्षीचे रोट यांच्या वाट्याशिवाय झाले आणि मीही ते दुधाबरोबर खाल्ले.

मी घरी दहावीच्या मुलींची शिकवणी घेते. पुढच्याच आठवड्यात उपग्रहांच्या कक्षांचा धडा निघाला. मी फळ्यावर पृथ्वी काढली. खालच्या कक्षेतले उपग्रह जवळ असतात, पण भरभर निघून जातात. एक मावळला की दुसरा हजर हवा, म्हणून ते पुष्कळ लागतात. उच्च कक्षेतला पस्तीस हजार सातशे ऐंशी किलोमीटरवर. पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून जागच्या जागी दिसतो. असे तीन असले की जवळपास सगळं जग आवाक्यात येतं.

"ताई, भाऊजींचा फोन यातल्या कशावरून येतो?" डिंपलनं विचारलं.

"जुनं जहाज आहे त्यांचं. वरच्यावरून."

"बापरे! एवढ्या लांबून? मग बोलणं पोचायला किती वेळ लागतो?"

"गणित करू या," मी म्हटलं. माझा प्रश्न वर जाणार, खाली येणार; बहात्तर हजार. त्यांचं उत्तर वर जाणार, खाली येणार. आणखी बहात्तर हजार. भागिले प्रकाशाचा वेग, तीन लाख. जवळजवळ अर्धा सेकंद. यंत्रांना लागेल तो वेगळा.

खडू फळ्यावरच राहिला. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेय.

"अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही ना ताई?" डिंपल वहीत उतरवून घेत म्हणाली.

मुली गेल्यावर मी सासूबाईंना चुलीपाशी गाठलं. भूषणही होता. सगळं सांगितलं, आवाज किती लांबून येतो, वेळ का लागतो, ते खोटं बोलले नव्हते. सासूबाईंनी भाकरी उलटली. तव्याकडेच बघत म्हणाल्या,

"तू ते शिकेल शे ना व माय?"

मी शिकलेली ना, एवढंच विचारलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या फोनवर मी सगळ्यांसमोर यांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे, दहा मिनिटं आहेत. मोहीला दे." गव्हाचं मी सांगितलं नाही. सासूबाईंनीही नाही. अजूनही नाही.

यंदा ते नव्या जहाजावर आहेत. तिथला अँटेना खालच्या कक्षेतल्या उपग्रहांशी बोलतो. पाच-सहाशे किलोमीटर म्हणजे शेजारचंच गाव. व्हिडिओ कॉल लागतो, मोहीनं चित्र दाखवलं की तिचं वाक्य संपायच्या आत हे "हत्ती!" म्हणतात. ती खिदळते.

परवा ते केबिनमध्ये बसून काहीतरी पीत होते. मी नेहमीसारखं विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही," ते लगेच म्हणाले. आणि मग मी न विचारताच हातातला कप कॅमेऱ्याजवळ आणून, आतलं मला नीट दिसेल असा तिरपा केला.

"चहा आहे," ते म्हणाले.